मिक्सिंग नव्याने शिकताय? आधी फेडर, प्लगिन मागाहून

मिक्सिंग, म्हणजे गाण्याचे सुटे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं, शिकायला बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणते प्लगिन (ट्रॅकच्या आवाजावर काम करणारी छोटी जोड-सॉफ्टवेअर) लावू? आणि उत्तर देणारेही दहा नावं सांगून मोकळे होतात. मग तो बिचारा दहाच्या दहा डाउनलोड करतो, प्रत्येक ट्रॅकवर चार-चार चढवतो आणि गाणं राहतं तिथंच, फक्त आधीपेक्षा कर्कश. म्हणून मी इथे क्रम उलटा ठेवलाय. प्लगिन येतील पण उशिरा येतील, आणि मधे मधे मी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत राहणार आहे, वैताग आला तरी चालेल: मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. तोच ट्रॅक, काहीही न बदलता, नुसता एक-दोन डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर केला की ऐकणारा म्हणतो, वा, आता कसा क्लिअर झाला. झालेलं काहीच नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं, नाही बसलं तर कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, तुम्ही फक्त आवाज वाढवत राहणार.

सामान

फार काही लागत नाही. कॉम्प्युटर, डीएडब्ल्यू म्हणजे ट्रॅक मांडून मिक्स करायचं सॉफ्टवेअर, आणि बरे हेडफोन. कोणतं सॉफ्टवेअर भारी यावरून भांडणाऱ्यांच्या नादी लागू नका, फेडर (पातळी वर-खाली करायची पट्टी), पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारा), इक्यू (जाड-बारीक आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा झालेला आवाज दाबणारा) सगळीकडे तेच आहेत. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं. विंडोजवाल्यांनी रीपर घेऊन बघा, ६० दिवस पूर्णच्या पूर्ण वापरता येतं, कुठलंही फीचर अडवून ठेवलेलं नसतं, आणि इतकं हलकं आहे की जुन्या लॅपटॉपवरही पळतं. लिनक्सवर आर्डर आहे, ते ओपन सोर्स आहे. ऑडॅसिटी कापाकापीला आणि साफसफाईला मस्त, पण वीस-तीस ट्रॅकचं गाणं त्यात मिक्स करायला मी तरी सांगणार नाही.

प्लगिन सुरुवातीला डीएडब्ल्यूसोबत आलेलेच पुरतात. बाहेरून आणायचेच तर दोन मीटर आणा, दोन्ही फुकट मिळतात: वोक्सेंगोचा स्पॅन, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला (जाड-बारीक आवाजाच्या पट्ट्याला) किती माल आहे ते दिसतं, आणि यूलीन लाउडनेस मीटरचं फ्री व्हर्जन. हा दुसरा सगळ्यात महत्त्वाचा, का ते पुढे येईल.

हेडफोनचं म्हणाल तर मिक्ससाठी ओपन बॅक, म्हणजे मागून उघडे, बरे, कान लवकर थकत नाहीत. ब्लूटूथ टाळा, एक तर आवाज उशिरा पोचतो आणि वर तो कॉम्प्रेस होऊन येतो. स्पीकर असतील तर दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा गोल) कानाच्या उंचीला. पण छोट्या खोलीतल्या बासवर विश्वास ठेवू नका. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास पावणेसहा मीटर असते, बहुतेक खोल्या तेवढ्या नसतात, त्यामुळे भिंतींवर आपटून कुठे बास दुप्पट होतो तर कुठे गायब. खात्री करायची असेल तर ६० हर्ट्झचा सरळ टोन लावा आणि खोलीत फिरा, कोपऱ्यात छाती हलेल आणि मधे कुठेतरी अचानक काहीच ऐकू येणार नाही. म्हणून बासचा निर्णय हेडफोनवर पक्का करायचा.

आणि व्हॉल्यूमचा नॉब. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्याला बास (आणि थोडं ट्रेबलसुद्धा) कमी ऐकू येतं, आवाज वाढवला की ते वर येतं. म्हणजे रात्री हळू आवाजात मिक्स केलंत तर बास जास्त टाकाल आणि दुपारी जोरात केलंत तर कमी. उपाय साधा आहे, नॉबवर एक खूण करा आणि बहुतेक काम त्याच खुणेवर करा. शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल, साधारण तेवढा.

सरावाला गाणी कुठून आणायची

स्वतःचं रेकॉर्डिंग नसेल तर अडून बसू नका. कॅम्ब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजी नावाने शोधा, तिथे शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक शिकण्यासाठी मोफत ठेवलेत, रॉक, जॅझ, पॉप, अकूस्टिक सगळं. सुरुवातीला आठ-दहा ट्रॅकचं गाणं निवडा. साठ ट्रॅकचं घेतलंत तर मिक्सिंगपेक्षा फाइली लावण्यातच जीव जाईल. शिवाय त्याच गाण्याचे दुसऱ्यांनी केलेले मिक्स ऐकायला मिळतात, आणि कच्चा माल एकच असल्यामुळे फरक कशाने पडला ते कळतं. ते नुसते व्हिडिओ बघून कळत नाही.

पायरी १: फाइली आवरा

कंटाळवाणं आहे पण अर्ध्या तासात होतं. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) फाइलींचा जो असेल तोच ठेवा, ४४.१ असेल तर ४४.१, ४८ असेल तर ४८ किलोहर्ट्झ. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जेवढे नमुने हाताळतो तो गठ्ठा, ५१२ किंवा १०२४ वर न्या. रेकॉर्डिंग करताना तो ६४-१२८ लागतो कारण गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊन चालत नाही. ४४.१ ला १२८ चा बफर म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. मिक्स करताना २३ मिलिसेकंद उशीर झाला तर कुणाचं काही जात नाही आणि प्रोसेसरला श्वास घ्यायला वाव मिळतो.

मग नावं द्या. "ऑडिओ ०७ नवीन २" असल्या नावांनी काही होत नाही. किक, स्नेअर, बास, गिटार डावी, गिटार उजवी, मुख्य आवाज, साथीचे आवाज. रंग द्या, गट करा, सगळे ड्रम एका बसमध्ये (अनेक ट्रॅक एकत्र जातात तो सामाईक मार्ग), सगळे गिटार एका बसमध्ये, आवाज वेगळे.

ट्रॅकची मूळ पातळीही इथेच बघून घ्या. क्लिप गेन, म्हणजे फेडरच्या आधी खुद्द क्लिपचीच पातळी, वापरून प्रत्येक ट्रॅक सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास (इथे शून्य ही सगळ्यात वरची मर्यादा, म्हणून आकडे उणे) आणि शिखरं उणे ६ ते उणे १० च्या मधे आणा. आता कुणीतरी म्हणेल की आजकाल डीएडब्ल्यू आतून ३२ बिट फ्लोटवर चालतं, ट्रॅक लाल झाला तरी आत काही फाटत नाही. खरं आहे ते. पण फाटतं ते मास्टरमधून, म्हणजे सगळे ट्रॅक शेवटी जिथे एकत्र होतात तिथून, बाहेर पडताना, आणि जुन्या मशीनची नक्कल करणारे प्लगिन उणे १८ धरूनच बनवलेले असतात, त्यांना जास्त दिलं की ते घोगरे होतात. शिवाय फेडर शून्याच्या जवळ राहिला की बारीक हालचाल करता येते, खाली उणे ४० ला गेला की केसभर हलवला तरी पाच डीबीची उडी बसते.

पायरी २: नुसत्या फेडरवर मिक्स करा

इथे वेळ घालवा. सगळे फेडर खाली, मास्टरवर एकही प्लगिन नाही, आणि आउटपुट मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र, करा. हो, मोनो. स्टीरिओमध्ये वाद्यं बाजूला झाली की टक्कर लपते, मोनोमध्ये सगळे एकाच जागी उभे राहतात आणि कोण कुणावर बसलंय ते लगेच दिसतं.

गाण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी वर आणा. गाणं असेल तर आवाज, नाचायचं संगीत असेल तर किक. तिच्या जोडीला दुसरी, मग तिसरी. बहुतेक जण किकपासून सुरू करतात आणि आवाज शेवटी आणतात, आणि मग आवाजाला जागाच उरलेली नसते, म्हणून तो वर ढकला, मग बाकीचे लहान वाटतात म्हणून ते वर ढकला, अर्ध्या तासात मास्टर लाल. काही कमी वाटलं तर त्याला वर नेण्याआधी बाकीच्यांना खाली नेऊन बघा. खरं सांगतो, ही एक सवय लागली ना, तर पुढची कितीतरी डोकेदुखी वाचते.

एक चाचणी: मॉनिटरचा आवाज इतका खाली न्या की जेमतेम काहीतरी ऐकू येतंय. शेवटपर्यंत काय टिकतं? मुख्य आवाज आणि स्नेअर टिकत असेल तर बॅलन्स ठीक आहे. हायहॅट किंवा एखादी कीबोर्डची लाइन एकटीच ऐकू येत असेल तर ती तीन-चार डीबी वर बसलीय.

मग मोनो काढा आणि पॅन करा. किक, बास, स्नेअर, मुख्य आवाज मधे. दोनदा वाजवलेली गिटार असेल तर एक पूर्ण डावीकडे एक पूर्ण उजवीकडे. लक्षात घ्या, दोनदा वाजवलेली. एकाच टेकची कॉपी करून दोन बाजूंना टाकली तर रुंदी येत नाही, तो मधलाच आवाज ६ डीबीपर्यंत मोठा होतो, आणि बघा, मोठा झाला म्हणून लोकांना वाटतं रुंद झाला.

या पायरीवरच गाणं ऐकण्यासारखं व्हायला पाहिजे. नसेल होत तर प्लगिन लावून होणार नाहीये, अरेंजमेंटमध्ये (कोणती वाद्यं कुठे वाजतात त्या मांडणीत) काहीतरी जास्त आहे आणि म्यूटचं (ट्रॅक गप्प करायचं) बटण हा त्यावरचा उपाय आहे.

पायरी ३: आवाजाची मशागत

गायकाचा ट्रॅक मोठा करून वेव्हफॉर्म बघा. ओळीची सुरुवात जाडजूड असते, ओळ संपत आली की श्वास संपतो आणि शेवटचा शब्द बारीक होत जातो. नेमका तो शेवटचा शब्द यमकाचा असतो, ऐकणारा त्याचीच वाट बघत असतो, आणि तिथेच ड्रमचा फिल येतो आणि शब्द बुडतो. नवीन माणूस इथे कॉम्प्रेसर जोरात लावतो. त्याने होतं काय, तर जाड भाग चिरडला जातो, बारीक भाग तसाच राहतो, आणि मेकअप गेन (दाबल्यावर कमी झालेला आवाज परत वाढवायचा नॉब) वाढवला की शब्दांमधला श्वास फुसफुसत वर येतो.

त्याऐवजी कात्री घ्या. शेवटचा शब्द वेगळा कापा, क्लिप गेन ३ डीबी वर. शब्दातलं पहिलं अक्षर ठीक असेल आणि दुसरंच पडत असेल तर तेवढंच अक्षर कापून वर करा. "स" आणि "श" टोचत असतील तर तेवढेच तुकडे ४-५ डीबी खाली. ओळीआधीचा मोठा श्वास ६ डीबी खाली, पूर्ण उडवू नका, श्वास नसलेला माणूस विचित्र वाटतो. कापलेल्या जागी छोटा क्रॉसफेड (एक तुकडा उतरत दुसरा चढतो असा सांधा) द्यायला विसरू नका नाहीतर टिक् असा आवाज येतो. पूर्ण गाण्याला एखाद तास लागतो. पण नंतर कॉम्प्रेसर लावाल तेव्हा त्याला दोन-तीन डीबीचंच काम उरलेलं असेल आणि तो ऐकूही येणार नाही.

पायरी ४: इक्यू

मिक्समध्ये चिखल का होतो? दोन वाद्यं एकाच फ्रीक्वेन्सीत एकाच वेळी वाजतात आणि एक दुसऱ्याला झाकतं. एकाच दारातून दोघं एकदम घुसायला गेले की दोघंही अडकतात, तसं. इक्यू हे त्यातल्या एकाला जरा थांब म्हणायचं साधन आहे.

ढोबळ नकाशा असा धरा. ६० ते १०० हर्ट्झला किक आणि बासचं वजन. २०० ते ४०० ला गोळा होणारा चिखल, कारण गिटार, पियानो, आवाज, बासचा वरचा भाग सगळ्यांना तिथेच काम असतं. ५०० च्या आसपास खोक्यात बोलल्यासारखं. ८०० ते १००० ला नाकातला आवाज. २ ते ५ किलोहर्ट्झला शब्द कळतात, आणि जास्त झालं की कान दुखतात. ५ ते ८ ला "स"ची शिट्टी. १० च्या वर हवा, झळाळी. हा नकाशा आहे, औषधाची चिठ्ठी नाही, "आवाजाला ३०० ला ४ डीबी काप" असं कुणी गाणं न ऐकताच सांगत असेल तर सोडून द्या.

किक आणि बासचं भांडण सोडवायचं असेल तर आधी ठरवा तळाला कोण बसणार. किक ६० ला असेल तर बासला ६० ला दोन-तीन डीबी कापा आणि किकला १०० ते १२० च्या पट्ट्यात थोडं कापा, तिथे बासला बोलू द्या. फोनच्या स्पीकरवर ६० हर्ट्झ ऐकूच येत नाही, त्यामुळे बास तिथे ओळखू यायला हवा असेल तर ७०० ते १००० च्या आसपास, म्हणजे बोटाचा आणि तारेचा आवाज जिथे आहे तिथे, थोडं वाढवा किंवा हलकं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीतपणा) द्या.

हायपास फिल्टर, म्हणजे ठरावीक जागेखालचं सगळं कापणारा, आवाजाला ८० ते १०० हर्ट्झपाशी बहुतेक वेळा चालतो, माइकच्या स्टँडची धडधड आणि "प"चे फटके जातात. पण प्रत्येक ट्रॅकला डोळे मिटून हायपास लावायची जी फॅशन आहे ती मला पटत नाही, अकूस्टिक गिटार एकटीच वाजतीये आणि तिला २०० पर्यंत कापून टाकलं तर उरतं काय, नुसता खरखराट.

दोन गोष्टी अजून. सोलो करून, म्हणजे एकटाच ट्रॅक वाजवत, इक्यू करू नका, सोलोमध्ये छान वाटणारी गिटार मिक्समध्ये आवाजाला झाकते आणि मिक्समध्ये फिट बसलेली गिटार सोलोमध्ये बारीक आणि गरीब वाटते, आणि तेच बरोबर आहे, श्रोता सोलो ऐकणार नाहीये. आणि तो प्रसिद्ध उपाय, अरुंद बँड १२ डीबी वाढवायचा आणि पुढे-मागे फिरवत घाण शोधायची, तो जपून. एवढा अरुंद आणि एवढा वर नेला तर कुठलीही फ्रीक्वेन्सी घाणच वाटते, मग माणूस पाच ठिकाणी कापून ठेवतो आणि आवाजात जीव उरत नाही. आधी कानाला काहीतरी खुपलं पाहिजे, मग शोधायला जायचं.

आणि हो, इक्यूमध्ये काही वाढवलं की एकूण आवाजही वाढतो. प्लगिनच्या आउटपुटला तेवढं खाली करा, मग बायपास (प्लगिन तात्पुरता बाजूला ठेवायचं बटण) चालू-बंद करून ऐका. समान पातळीला ऐकूनही बरं वाटलं तर ठेवा.

पायरी ५: कॉम्प्रेसर

हिशोब एकदा नीट समजून घ्या म्हणजे भीती जाते. थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर गेलं की दाब सुरू होतो) उणे २० वर आहे, रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) ४ ला १. आवाज उणे १२ ला गेला म्हणजे थ्रेशोल्डच्या ८ डीबी वर. चार डीबी आत गेले की एक बाहेर, म्हणून ८ चे २ होतात आणि आवाज उणे १८ ला बाहेर पडतो. सहा डीबी कमी झाले, हेच गेन रिडक्शनच्या मीटरवर दिसतं.

अटॅक म्हणजे आवाज थ्रेशोल्डवर गेल्यावर किती वेळात दाबायला सुरू करायचं. ऐकून शिकायचं असेल तर स्नेअर घ्या, रेशो ४, थ्रेशोल्ड इतका खाली की मीटर १० डीबी हलतोय. अटॅक एक मिलिसेकंदापाशी ठेवा, काठीचा ठोका गायब होतो आणि स्नेअर मागे जातो. आता तो हळूहळू ३० कडे न्या, ठोका आधी सुटून जातो, मग दाब बसतो, आणि स्नेअर एकदम पुढे येऊन उभा राहतो. मग रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, खेळवून बघा, खूप जलद ठेवला तर शेपटी फुगते, खूप हळू ठेवला तर पुढच्या ठोक्यापर्यंत मीटर परत येतच नाही. मीटरची सुई गाण्याच्या तालात हलायला लागली की रिलीज बहुतेक ठिकाणावर आला. मग थ्रेशोल्ड परत वर न्या, तीन-चार डीबीवर आणा.

मेकअप गेनचं ऑटो बटण बंद ठेवा. हे बटण कॉम्प्रेसर लावल्याबरोबर आवाज मोठा करतं आणि तुम्हाला वाटतं काय भारी प्लगिन आहे. हाताने जुळवा, बायपास करून डोळे मिटा, बटण पाच-सहा वेळा पटापट दाबा म्हणजे चालू कुठलं बंद कुठलं ते विसरायला होईल, मग ऐका कोणतं बरंय. कधी कधी बंद असलेलंच जिंकतं, मग काढून टाका, कुणाचं काही देणं लागत नाही.

पायरी ६: रिव्हर्ब आणि डिले

रिव्हर्ब म्हणजे खोलीचा घुमारा, डिले म्हणजे प्रतिध्वनी. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब टाकू नका. एक छोट्या खोलीचा आणि एक मोठा, असे दोन सेंड (अनेक ट्रॅकमधून थोडा-थोडा आवाज जिथे पाठवतात असे सामाईक ट्रॅक) पुरतात, त्यामुळे सगळी वाद्यं एकाच जागी वाजल्यासारखी वाटतात आणि प्रोसेसरही वाचतो. रिव्हर्ब शंभर टक्के वेट, म्हणजे त्यातून नुसता घुमारा यावा, मूळ आवाज नको. त्याच्या पुढे इक्यू लावून ३०० च्या खालचं आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, चिखल आणि "स"चे फवारे दोन्ही कमी होतात. आवाजाला प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) २० ते ४० मिलिसेकंद द्या, शब्द आधी सुटतो आणि मागून खोली येते, त्यामुळे रिव्हर्ब भरपूर असूनही गायक लांब गेल्यासारखा वाटत नाही.

डिलेचा हिशोब ६०००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा, म्हणजे गाण्याचा वेग). १०० बीपीएमला एक मात्रा ६०० मिलिसेकंद, अर्धी ३००, पाऊण ४५०. किती टाकायचा? ऐकू येईपर्यंत वर न्या, मग जरा खाली. म्यूट केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पण चालू असताना लक्ष गेलं नाही, तर बरोबर.

पायरी ७: रेफरन्स

रेफरन्स म्हणजे तुलनेसाठी घेतलेलं गाणं. तुमच्यासारख्याच वाद्यांचं एखादं चांगलं मिक्स झालेलं गाणं प्रोजेक्टमध्ये आणा, मास्टरच्या प्लगिनमधून न जाता थेट बाहेर जाईल असं लावा. बाजारात आलेलं गाणं मास्टर झालेलं (मिक्सनंतरचा शेवटचा हात फिरवून मोठं केलेलं) असतं, तुमच्या मिक्सपेक्षा सहा-आठ डीबी सहज मोठं. तसंच ऐकलंत तर खचून जाल आणि सगळं वाढवत सुटाल. लाउडनेस मीटर बघून रेफरन्स खाली आणा, तुमच्या पातळीला. मग एक-एकच गोष्ट ऐका, आवाज ड्रमच्या मानाने किती वर आहे, बास किती, "स" किती टोचतो. त्यानंतर फोनवर, गाडीत, एका कानातल्या इयरफोनवर, शेजारच्या खोलीतून दार उघडं ठेवून. आणि पुन्हा एकदा मोनो, रुंद केलेले सिंथ मोनोमध्ये नाहीसे होतात का ते तपासायला.

पायरी ८: बाहेर काढणं

लाउडनेस एलयूएफएस नावाच्या मापात मोजतात, त्यामागचं आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयटीयूचं बीएस १७७०, २००६ मध्ये आलं. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४ च्या आसपास आणून वाजवतं, यूट्यूबसुद्धा तिथेच, फक्त ते मोठं गाणं खाली आणतं, हळू असलेलं वर उचलत नाही. म्हणजे लिमिटरने (ठरावीक पातळीच्या वर काही जाऊ न देणारा प्लगिन) चिरडून उणे ७ ला नेलेलं गाणं तिथे ७ डीबी खाली येणार, आणि तुमच्या हातात उरणार फक्त चिरडलेपण. म्हणून सुरुवातीला उणे १४ ते उणे ११ मधे जे नैसर्गिक वाटेल ते, ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ डीबी. मास्टरिंग दुसरं कुणी करणार असेल तर लिमिटर काढा आणि २४ बिट वेव्ह द्या. १६ बिट करायचंच असेल तर शेवटी एकदाच, डिदर (बिट कमी करताना मिसळतात तो अगदी बारीक गोंगाट) लावून.

पायरी ९: दुसऱ्यांबरोबर शिकणं

एकट्याने शिकता येतं पण हळू येतं, कारण स्वतःच्या गाण्याची कानाला सवय होते. दोघा-तिघांचा गट करा आणि एकमेकांना सुटे ट्रॅक पाठवा. पाठवायची पद्धत नीट असली की भांडणं होत नाहीत. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू झालेला असावा, आवाज दुसऱ्या मिनिटाला येत असला तरी आधीची शांतता ठेवून, म्हणजे समोरच्याने सगळं उचलून एका रेषेत टाकलं की जुळलं. वेव्ह द्या, एमपीथ्री नको, त्यात सुरुवातीला किंचित मोकळी जागा घुसते आणि जुळणी हुकते. सोबत एका टेक्स्ट फाइलमध्ये बीपीएम, सॅम्पल रेट आणि गाण्याची पट्टी लिहा, आणि तुमचा कच्चा मिक्सही जोडा. गिटारचा इफेक्ट वाजवण्याचाच भाग असेल तर इफेक्टसकट आणि बिनइफेक्टचा असे दोन्ही.

अख्खा प्रोजेक्ट द्यायचा असेल तर एबलटनमध्ये कलेक्ट ऑल अँड सेव्ह आहे, रीपरमध्ये सेव्ह अॅज करताना मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय आहे, तो न निवडता पाठवलं की समोरच्याला नुसत्या "फाइल सापडली नाही"च्या पाट्या दिसतात. आणि ज्यांच्याकडे तुमचा प्लगिन नाही त्यांच्यासाठी तो ट्रॅक फ्रीझ किंवा रेंडर करून, म्हणजे प्लगिनसकट साधी ऑडिओ फाइल बनवून, द्या. रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाचं असेल तर ते पुढे वाटायची परवानगी आहे का ते आधी बघा, सरावाला मिळालेले ट्रॅक प्रसिद्ध करायला चालतातच असं नाही.

प्रीसेट (प्लगिनच्या साठवलेल्या सेटिंग) मात्र वाटू नका, किंवा वाटले तर फार अपेक्षा ठेवू नका. कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड उणे २० तुमच्या ट्रॅकच्या पातळीला बरोबर होता, समोरच्याचा ट्रॅक १० डीबीने हळू असेल तर तो कॉम्प्रेसर जागाच होणार नाही. इक्यूचंही तेच, तुमच्या गायकाला २५० ला चिखल होता, त्याच्या गायिकेला तिथे मुळात काही नसेल. वाटायचं ते असं: काय खुपत होतं, कुठे खुपत होतं, काय केलं, आणि दहा सेकंदांची आधीची आणि नंतरची क्लिप.

एखादा प्लगिन जादू करतो असं कुणी सांगत असेल तर नल टेस्ट करा. मूळ ट्रॅक आणि प्लगिनमधून काढलेला ट्रॅक एकाखाली एक, तंतोतंत जुळवून, एकाची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाटेचा वरचा भाग खाली आणि खालचा वर. दोन्ही हुबेहूब असतील तर पूर्ण शांतता मिळते. मागे काही उरलं तर तेवढाच फरक प्लगिनने केलाय, आणि उरलेलं जर मूळ गाण्याचीच हळू आवृत्ती असेल तर प्लगिनने फक्त व्हॉल्यूम बदललाय. पातळी बरोबर जुळवून परत बघा, काही "जादू" तिथेच संपतात.

अभिप्राय मागताना "कसं वाटलं" विचारू नका, लोक "मस्त" म्हणतात आणि विषय संपतो. "दुसऱ्या कडव्यात शब्द कळतात का", "फोनवर बास ऐकू येतो का" असं विचारा. देतानाही वेळ सांगून द्या, १:१२ ला शेवटचा शब्द ड्रमखाली जातोय, ०:४५ पासून डावी गिटार टोचतीये. उपाय सांगायची घाई नको, खुपलं ते सांगा, उपाय त्याला शोधू दे. आणि दोन मिक्समधला कोणता बरा असं विचारायचं असेल तर दोन्ही क्लिप लाउडनेस मीटरवर सारख्या करा, अर्ध्या डीबीच्या आत, फाइलींना नुसतं "अ" आणि "ब" नाव द्या, आणि कोणता कोणाचा ते सगळ्यांची उत्तरं आल्यावरच सांगा.